आयटीबी बसवल्यावर इंजेक्टरची रिकामी भोकं: उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांच्या डमीचा रिव्ह्यू

चार अॅल्युमिनियमच्या डमी (पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं बुजवणारी बुचं), त्यांना दाबून धरणारी एक पट्टी आणि चार ओरिंगा (सील करणाऱ्या रबरी रिंगा). सगळे मिळून दोन हजारांच्या आतलं काम, आणि त्यासाठी मी सांगलीहून कोल्हापूरला तीन चकरा मारल्या. तिन्ही चकरा वसूल झाल्या म्हणून एवढं मोठं लिहितोय. आयटीबी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला हवेची स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, बसवणारी आपली पोरं थ्रॉटल बॉडीवर, ईसीयूवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर), ट्रम्पेटवर (हवा घेणाऱ्या कर्ण्यांवर) पैसा ओततात आणि जुन्या इंजेक्टरची भोकं मात्र हाताला मिळेल त्यानं बुजवून मोकळी होतात, माझ्याही गाडीत तेच झालं होतं आणि दोन महिने गाडी आयडलला बसली नाही.

आधी गाडीबद्दल थोडं. २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, ती १०६ हॉर्सपॉवरवाली. रोडवरून कायमची काढलेली आहे, ट्रेलरवर टाकून ऑटोक्रॉसला (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीला) नेतो, कारण कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल करून रोडवर फिरवणं मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे कुणी विचारायला नको. थ्रॉटल बॉडी सुझुकी जीएसएक्स-आरच्या, सेकंडहँड, कुर्ल्याच्या बाजारातून उचललेल्या. सेकंडरी बटरफ्लाय (हवा अडवणाऱ्या झडपेच्या जादा चकत्या) काढून टाकल्या, बॉडी एकमेकींपासून सुट्या करून होंडाच्या पोर्टच्या अंतरावर लावल्या, कारण बाईकवर त्या फारच जवळजवळ असतात. ईसीयू स्पीडुइनो, म्हणजे आपण स्वतः ट्यून करायचा. आणि ओरिजनल मॅनिफोल्डचे (इंजिनला हवा पोचवणाऱ्या भागाचे) रनर, म्हणजे पाइप, फ्लँजपासून (हेडला टेकणाऱ्या तोंडापासून) काही इंचांवर कापून त्यावर या बॉडी होजनं जोडल्या.

आता इथेच मुद्दा येतो. होंडाच्या त्या मॅनिफोल्डवर इंजेक्टर रनरमध्येच, हेडच्या अगदी जवळ बसतात. मी पेट्रोल जीएसएक्स-आरच्या बॉडीतल्या इंजेक्टरनं द्यायचं ठरवलं, वायरिंग आणि रेल सोपी पडली म्हणून. त्यामुळे मॅनिफोल्डच्या बुडख्यावर होंडाची चार भोकं रिकामी राहिली. ती बंद करायची, बस एवढंच काम.

ज्या फॅब्रिकेटरनं मॅनिफोल्ड कापून दिलं त्यानं ती भोकं रबरी बूच आणि वरून काळं आरटीव्ही सिलिकॉन लावून बंद करून दिली. त्याचं वेल्डिंग चांगलं आहे, नाव घेत नाही. पण साधं आरटीव्ही आणि पेट्रोल हे जमत नाही. आयडलला पेट्रोलची वाफ पोर्टमध्ये मागे येते, सिलिकॉन ती पिऊन फुगतं, मऊ पडतं, सोलून निघतं. दोन महिन्यांनी मी मॅनिफोल्ड उतरवलं तेव्हा ३ नंबरच्या पोर्टमध्ये, व्हॉल्व्हच्या अलीकडे, घेवड्याच्या दाण्याएवढा काळा गोळा चिकटलेला होता. बोटात धरला तर जेलीसारखा दबत होता. तो अजून एक आठवडा थांबला असता तर इनटेक व्हॉल्व्हखाली गेला असता, आणि सीटवर अडकला असता तर कॉम्प्रेशन गेलं असतं. तो गोळा मी अजून डबीत ठेवलाय, गॅरेजवर कुणी पोरगा आरटीव्हीची ट्यूब घेऊन आला की दाखवतो.

लक्षणं काय होती ते सांगतो म्हणजे कुणाला तसंच होत असेल तर ओळखता येईल. स्टार्ट केली की आयडल २२०० च्या खाली येईना, चारही बटरफ्लाय पूर्ण बंद केल्या तरी. बॉडी सिंक करायला (चारही सारखी हवा घेतील अशा जुळवायला) बसलो की १, २ आणि ४ नंबर जुळायचे, ३ नंबर कधीच नाही. वाइडबँडवर (धुराच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरवर) हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बरोबर दिसायचं, आणि त्यानंच मला सगळ्यात जास्त फसवलं, कारण सेन्सर बसतो चार पाइप एकत्र येतात तिथे, तो चौघांची सरासरी दाखवतो. ३ नंबर लीन (पेट्रोल कमी) चाललेला, बाकीचे तीन मी नकाशात (ईसीयूच्या पेट्रोलच्या तक्त्यात) पेट्रोल वाढवून रिच (पेट्रोल जास्त) केलेले, सरासरी मात्र एकदम सुंदर. स्पार्क प्लग काढले तेव्हा खरं कळलं, तीन काजळी धरलेले आणि ३ नंबरचा खडूसारखा पांढरा. हेडरच्या (धुराच्या) पाइपांवर तापमान मोजायची इन्फ्रारेड गन धरली तरी तोच पाइप वेगळा. आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट. पूर्ण थ्रॉटलला मात्र गाडी मस्त पळायची, म्हणून मी आधी दोन महिने ट्यूनिंगलाच दोष देत बसलो.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण हे समजलं की डमीवर पैसे का घालायचे ते आपोआप कळतं. एकच थ्रॉटल असलेल्या गाडीत कुठे लीक झाला तर हवा प्लेनममध्ये (चारही पाइपांच्या सामायिक डब्यात) मिसळून चारही सिलिंडरला थोडी थोडी वाटली जाते, आयडल व्हॉल्व्ह थोडा बंद होतो, ऑक्सिजन सेन्सर थोडं सांभाळून घेतो, गाडी चालते. आयटीबीत प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा. ३ नंबरला लीक म्हणजे ३ नंबरलाच लीक, वाटून घ्यायला कोणी नाही. त्यात माझं ट्यूनिंग थ्रॉटलच्या कोनावर, आणि थ्रॉटल उघडल्याशिवाय जी हवा आत येते तिचा ईसीयूला पत्ताच नसतो.

आणि लीक किती लागतो? मी कागदावर काढून बघितलं. समजा डमी १४ एमएमची आहे आणि भोवती सगळीकडून पॉइंट एक एमएमची फट आहे. पॉइंट एक म्हणजे साध्या छपाईच्या कागदाची जाडी. गोल फिरून त्या फटीचं क्षेत्रफळ होतं साधारण ४.४ चौरस एमएम, म्हणजे जवळजवळ २.४ एमएमचं ड्रिल मारल्यासारखं भोक. आयडलला दीड लिटरच्या इंजिनच्या एका सिलिंडरला लागणारी सगळी हवा ढोबळमानानं अशाच दोन-चार चौरस एमएमच्या फटीतून जाते! कागदाएवढी फट म्हणजे त्या सिलिंडरला दुसरी थ्रॉटलच उघडून दिली. आणि पूर्ण थ्रॉटलला पोर्टमधलं प्रेशर बाहेरच्या हवेच्या जवळपास असतं, तिथे लीकमधून ओढायला जोरच नसतो, म्हणून पळताना काही कळत नाही.

मग मी ऑनलाइन तयार डमीचा सेट मागवला. निळ्या अॅनोडाइजचा, दिसायला फार देखणा, चार नग. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. तो बॉशच्या नेहमीच्या १४ एमएम ओरिंगवाल्या इंजेक्टरच्या मापाचा निघाला. होंडाचं भोक तसं नसतं, तिथे जाड रबरी सील रिंग बसायला पायरी असते, इंजेक्टर त्या रिंगमध्ये घुसतो. तो सेट माझ्या भोकात बोटानं फिरवला तर गरगर फिरायचा. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला कॉलरच (वरची रुंद कड) नव्हती. सरळ दांडा, वर ओरिंग, झालं.

कॉलर नसणं का धोक्याचं ते सांगतो. इंजिन ब्रेकिंगला पोर्टमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो. १४ एमएमच्या तोंडाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर, म्हणजे बाहेरची हवा त्या डमीला जवळपास एक किलोच्या जोरानं आत ढकलत असते, प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर सोडला की, वर इंजिनची थरथर. होंडाच्या भोकात पायरी आहे म्हणून बरं, पण पायरी नसलेल्या सरळ भोकात अशी डमी हळूहळू आत सरकत गेली तर पुढे व्हॉल्व्ह आहे आणि त्याच्यापुढे पिस्टन आहे. अॅल्युमिनियमचा तुकडा तिथे गेला की हेड गेलं समजा. याच्या उलट, बॅकफायर इनटेकमध्ये झाला तर डमी बाहेर उडते. म्हणजे आत जायला नको म्हणून कॉलर पाहिजे आणि बाहेर यायला नको म्हणून वरून पट्टी पाहिजे. दोन्ही पाहिजे. नुसत्या ओरिंगच्या घट्टपणावर डमी सोडणं चूक आहे, कोणी कितीही सांगू दे.

तर आता मामा.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत त्यांचा लेथ आहे. दुकानाला पाटी नाही, दारात जुन्या ऑइल इंजिनचं फ्लायव्हील टेकवून ठेवलंय. आत दोन लेथ, एक जुनी मिलिंग, एक पिलर ड्रिल आणि भिंतीवर ओळीनं लावलेले रिमर. मामांचं वय साठीच्या पुढे, शेतीपंपाच्या शाफ्टपासून उसाच्या चरकाच्या बुशपर्यंत सगळं करतात. मला एका ओळखीच्या मेकॅनिकनं पाठवलं. मी पहिल्या दिवशी फक्त ड्रॉइंग घेऊन गेलो, फोनवर काढलेलं, मापं टाकलेलं, मला वाटलं बघून खूश होतील.

मामांनी फोन बघितला, परत दिला आणि विचारलं, "भोक कुठाय?"

म्हटलं, मॅनिफोल्ड सांगलीला आहे, मापं घेतलीत मी व्हर्नियरनं.

"व्हर्नियरनं भोकाचं तोंड मोजलंस बाळा, आतलं न्हाई. मॅनिफोल्ड घेऊन ये. आणि जुना इंजेक्टर पण आण एक, रबरासकट."

पहिली चकर तिथेच संपली. तेव्हा जरा वैताग आला, खरं सांगतो, शंभर किलोमीटर जाऊन-येऊन. पण दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्ड टेबलावर ठेवलं आणि त्या माणसानं पुढचा पाऊण तास जे केलं ते बघून वैताग गेला. आधी भोकातला वीस वर्षांचा कार्बन आणि जुन्या रबराचे चिकटलेले थर लाकडी काडीनं आणि केरोसीननं साफ केले. लोखंडी काही घातलं नाही, रेघ पडते म्हणून, आणि रेघ पडली की तिथून ओरिंग कधी सील होत नाही. मग बोअर गेज (भोकाचं आतलं माप घ्यायचं साधन) घालून चारही भोकं दोन-दोन दिशांनी मोजली आणि खडूनं मॅनिफोल्डवरच लिहून ठेवली. चार भोकं सारखी नव्हती. २ आणि ३ मध्ये पॉइंट झिरो सहा एमएमचा फरक निघाला, आणि ३ नंबरचं भोक किंचित लंबगोल. हे माझ्या व्हर्नियरला कधीच दिसलं नसतं.

मग त्यांनी नातवाच्या दप्तरातली खेळायची क्ले आणली. हिरव्या रंगाची. ती भोकात वरून दाबली, खाली पोर्टच्या बाजूनं बोट घालून सारखी केली, दहा मिनिटं तशीच ठेवली आणि अलगद वर ओढून काढली. भोकाचा आतला अख्खा आकार त्या क्लेवर उमटला होता, वर सीलची पायरी, मध्ये बारीक मान आणि टोकाला तिरका काप, कारण इंजेक्टर पोर्टला तिरका बसतो ना, म्हणजे पोर्टच्या छताला त्याचं भोक अंड्यासारखं उघडतं. असे चार हिरवे कोंब त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "आता ही बघ तुझी डमी. असली पाहिजे."

तो तिरका काप महत्त्वाचा का? डमी जर आखूड केली तर पोर्टच्या छतात एक खड्डा राहतो, त्यात पेट्रोल साठतं, गोळा होऊन मधूनच पडतं. लांब केली तर टोक हवेच्या वाटेत येतं. आयटीबी आपण लावतोच कशाला, हवेला सरळ मोकळी वाट मिळावी म्हणून, आणि मग हेडच्या तोंडाशीच खुंटी ठोकून ठेवायची का? पोर्टच्या भिंतीशी बरोबर सपाट यायला पाहिजे. मामांनी डमी लेथवर केली, मग एकेक मॅनिफोल्डमध्ये बसवून आतून मार्किंग ब्लूनं (खुणेच्या निळ्या रंगानं) रेघ मारली आणि टोक कानशीनं घासत घासत पोर्टशी मिळवलं. बोट फिरवलं तर जोड लागत नाही. आता टोक तिरकं म्हणजे डमी फिरता कामा नये, म्हणून कॉलरच्या एका बाजूला सपाट मारली आणि वरच्या पट्टीला त्या मापाची खाच पाडली. आणि प्रत्येक डमीवर पंचनं टिंब, १ नंबरला एक, २ ला दोन, असं, कारण चारही आपापल्या भोकाच्या मापाच्या आहेत.

मटेरियल त्यांनी एचई ३० चा गोल बार वापरला, म्हणजे ६०८२ अॅल्युमिनियम. मी स्टीलचं विचारलं होतं, मजबूत म्हणून. त्यांनी नको सांगितलं आणि ते बरोबरच आहे. मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचं, गरम झालं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८० डिग्री वाढली तर १४ एमएमला अॅल्युमिनियम पॉइंट झिरो दोन सहा एमएमच्या आसपास वाढतं आणि स्टील त्याच्या निम्म्यानं, मग गरम झाल्यावर स्टीलची डमी ढिली. सेम धातू असला की दोघं बरोबर वाढतात, बरोबर आकसतात. नायलॉन किंवा डेलरिनची डमी करणारेही आहेत, ती उलट मॅनिफोल्डपेक्षा खूप जास्त फुगते, गरम असताना मस्त सील होते, पण सारखं दबून दबून तिचा आकार बसतो आणि थंडीत सकाळी ढिली निघते. तात्पुरती चालेल, कायमची नको.

ओरिंगबद्दल माझा त्यांच्याशी थोडा वाद झाला. त्यांनी आधी काळी साधी नायट्राइलची लावली होती, तेलाच्या कामात तीच वापरतात. मी व्हायटनचा आग्रह धरला, कारण आता पंपावर सगळीकडे इ २० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आहे आणि हेडच्या इतक्या जवळची जागा, तिथली उष्णता, व्हायटन दोन्ही नीट सोसतं. मामांनी ऐकून घेतलं, पोराला पाठवून लक्ष्मीपुरीतून व्हायटनच्या मागवल्या, एका ओरिंगला साधीच्या तिप्पट पैसे पडले, चार नगांना तो फरक काहीच नाही. ओरिंग २.५ एमएम जाडीची, खाच २ एमएम खोल आणि ३.३ रुंद, म्हणजे ओरिंग साधारण २० टक्के दबते आणि दबल्यावर बाजूला पसरायला जागा मिळते. ही रुंदी विसरू नका. खाच अरुंद केली की ओरिंगला जायला जागा नसते, गरम होऊन फुगली की ती कडेनं चिरते. भोकाच्या तोंडाला पण हलका चॅम्फर (तिरकी कड) दिला, नाहीतर घालतानाच ओरिंग ब्लेडनं कापल्यासारखी कापली जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

पट्टी ६ एमएम जाड अॅल्युमिनियमची, होंडाची फ्युएल रेल ज्या स्टडवर बसायची त्याच स्टडवर बसते. म्हणजे मॅनिफोल्डला नवीन एकही भोक पाडलं नाही, उद्या कधी ओरिजनल इंजेक्टरवर परत जायचं झालं तर डमी काढल्या की मोकळं. मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

तिसऱ्या चकरेला सामान ताब्यात घेतलं. बिल: चार डमी १२०० रुपये, पट्टी ४५०, व्हायटन ओरिंगा १६०. वर क्ले आणि फिटिंगचे काही घेतले नाहीत. सांगितलं मंगळवार, दिलं शुक्रवारी. ही एक खरी तक्रार. मंगळवारी फोन केला तर "उद्या ये", बुधवारी फोन केला तर उचललाच नाही, उसाचा सीझन तोंडावर होता आणि चरकाच्या कामाची रांग लागलेली. ऑटोक्रॉस रविवारी असताना असं झालं की जीव खालीवर होतो. म्हणून कुणी जाणार असाल तर इव्हेंटच्या आधी किमान दोन आठवडे हातात ठेवून जा, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. दुसरी बारीक गोष्ट, पट्टीच्या कडा त्यांनी तशाच धारदार सोडल्या होत्या, घरी आणून कानस मारावी लागली. आणि अॅनोडाइज वगैरे काही मिळणार नाही, डमी अगदी साध्या, टूलच्या रेघा दिसतात. सीलच्या जागी मात्र रेघ नाही, तिथे त्यांनी बारीक पॉलिश पेपर मारून दिला होता न सांगता.

बसवताना ओरिंगला आणि भोकाला थोडं इंजिन ऑइल लावलं, डमी सरळ दाबत घातली. फिरवत घालू नका, ओरिंग पिळवटते. कॉलर टेकली की पट्टी, नट हलक्या हातानं एकाआड एक आवळले. अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमधले स्टड आहेत, जोर केला की आटे जातात. सिलिकॉन, शेलॅक, काहीही लावलं नाही, कुठेच.

मग टेस्ट. मॅनिफोल्ड गाडीवर चढवण्याआधी फ्लँज प्लेटनं बंद केला, रनरच्या तोंडाला रबरी टोप्या, आणि सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा भरून साबणाचं पाणी लावलं. डमीभोवती एकही बुडबुडा नाही. एका वेल्डला मात्र आला, तो वेगळा लीक तिथे सापडला, तोही बंद करून घेतला. इंजिन चालू असताना कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायची आपली सवय असते, पण ती गरम हेडरशेजारी नका करू, आयटीबीची तोंडं उघडी असतात आणि आग लागायला एक ठिणगी बास. साबणाचं पाणी आणि थोडी हवा, थंड इंजिनवर, यानं काम होतं.

चढवल्यावर पहिल्या स्टार्टला आयडल ९०० च्या खाली जाऊन गाडी बंद पडली, आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही, कारण याचा अर्थ आता इंजिनला फक्त थ्रॉटलमधून हवा मिळतेय. स्टॉप स्क्रू थोडे उघडले, ११०० ला बसवली, सिंक करायला घेतलं आणि वीस मिनिटांत चारही जुळले. ३ नंबर पहिल्यांदा बाकीच्यांबरोबर आला. मग आयडलच्या भागातलं पेट्रोल मला जवळजवळ सगळं नव्यानं भरावं लागलं, आधीचा नकाशा लीकच्या हिशोबानं केला होता ना. आता चारही स्पार्क प्लग एका रंगाचे आहेत, फिकट चहासारखे. तीन इव्हेंट झाले, दर इव्हेंटनंतर पट्टी काढून बघतो, डमी जागची हललेली नाही, ओरिंग जशीच्या तशी.

बाकीचे उपाय मी का घेतले नाहीत तेही थोडक्यात. जुनेच इंजेक्टर वायर न जोडता तसेच ठेवायचे, हे वाईट नाही, करंट नसला की इंजेक्टर बंदच असतो, पण मग त्यांना धरायला जुनी रेल पण ठेवावी लागते आणि माझ्या बॉडीच्या लिंकेजला ती आडवी येत होती. ज्याला जागा आहे आणि आठवडाभर गाडी चालवून बघायची आहे त्यानं हे करावं, सील नवीन टाकून. टिग वेल्डनं भोकं भरून टाकणं सगळ्यात पक्कं, पण जुन्या कास्टिंगमध्ये तेल मुरलेलं असतं, वेल्डला जाळी पडते, फ्लँज वाकतो आणि मग मिलिंगवर फेस मारावा लागतो, वर ते कायमचं. टॅप मारून आट्याचा प्लग बसवायचा तर बॉसची (भोकाभोवतीच्या उंचवट्याची) भिंत किती जाड आहे ते बघा, आणि टेपर आट्याचा प्लग तर नकोच, आवळत गेलात की कास्टिंगला चीर. एम सील आणि आरटीव्हीबद्दल मी काही बोलत नाही, डबीतला तो गोळा बघायला या.

अजून एक गोष्ट जी माझ्या मित्राच्या कामात कळली. त्याच्या थ्रॉटल बॉडीला व्हॅक्यूमचे निपलच नव्हते. जीएसएक्स-आरच्या बॉडीला असतात, मी मॅप सेन्सर (पोर्टमधलं प्रेशर मोजणारा) त्यावरच घेतलाय. त्याच्यासाठी मामांनी याच डमी पोकळ करून दिल्या, आतून दीड एमएमचं भोक, वरून एम ६ चे आटे आणि त्यात छोटा निपल. चार सारख्या लांबीच्या नळ्या एका छोट्या डब्यात आणि डब्यावरून मॅप सेन्सरला. आतलं भोक मुद्दाम बारीक ठेवायचं, मोठं केलं तर एका सिलिंडरचा श्वास नळीतून दुसऱ्याला जातो आणि आयडल परत डगमगतं. रिकाम्या भोकाचा असा उपयोग मला फार पटला. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम मात्र यातून काढू नका, त्याला मोठी लाइन आणि वेगळा चेक व्हॉल्व्ह पाहिजे.

आणि ज्यांनी माझ्या उलट केलंय, म्हणजे होंडाचे इंजेक्टर चालू ठेवून बाईकच्या बॉडीतली भोकं रिकामी सोडलीत, त्यांनी ती भोकं बटरफ्लायच्या खाली आहेत की वर ते आधी बघा. खाली असतील तर वरचं सगळं तुम्हालाही लागू. वर असतील तर आयडलला फरक पडणार नाही म्हणून लोक ती तशीच उघडी ठेवतात, पण ते भोक फिल्टरच्या आतल्या बाजूला उघडतं आणि आपली ऑटोक्रॉसची ट्रॅक म्हणजे सगळी लाल माती, ती सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते. तिथे एक साधी टोपी पण चालेल, पण लावा.

मामांना ५ पैकी साडेचार, अर्धा त्या मंगळवार-शुक्रवारचा कापला. नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय की फोनवर काम घेत नाही, मॅनिफोल्ड घेऊन या. मोकळं, साफ केलेलं, आणि एक जुना इंजेक्टर रबरासकट सोबत.